मिलिमीटरची सही

आमच्या कारखान्यात कृत्रिम पाय तयार व्हायचे आणि ते करणाऱ्या मुख्य कारागिराला सगळे मिलिमीटर म्हणायचे, अगदी तोंडावर. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं, ते तिथंच राहिलं. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला ताई. पायाला चामड्याचे पट्टे लागतात, ते मी शिवायचे. "कचेरीत पट्टेवाला म्हणजे शिपाई," नव्या माणसाला माझी ओळख करून देताना ते म्हणायचे, "पण ही आमची खरोखरची पट्टेवाली." आणि स्वतःच हसायचे.

त्यांच्याबद्दल आता लोक दोनच गोष्टी सांगतात. काही म्हणतात, त्यांनी चालती कंपनी बुडवली. काही म्हणतात, त्यांनी खरं बोलायची हिंमत दाखवली. यांतलं कुणीच त्या सोमवारी आमच्या पुढच्या खोलीत नव्हतं. मी होते.

भाऊ मूळचे सुतार. "आधी खुर्च्यांचे पाय करायचो, मग माणसांचे करायला लागलो," ते सांगायचे. "खुर्ची तक्रार करत नाही, एवढाच फरक." गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसाचा उरलेला पाय ज्या भागात बसतो, त्याला आम्ही पेला म्हणायचो. सगळा खेळ त्या पेल्याचा. तो एक मिलिमीटर सैल झाला तर घासतो, एक मिलिमीटर आवळ झाला तर रक्त अडतं. हे वाक्य भाऊ कुणालाही ऐकवत. तपासनीस असो, माल पोचवणारा ड्रायव्हर असो, नाहीतर बायकोच्या माहेरची माणसं असोत. नाव पडलं ते त्यातूनच.

एका पायाला चार फेऱ्या लागत. पहिल्या फेरीत प्लास्टरचा साचा. दुसरीत कच्चा पेला घालून बघायचा, कुठं टोचतंय ते विचारायचं आणि कानशीनं घासायचं. तिसरीत दोन दांड्यांच्या मधून, समोरच्या आरशात बघत चालायचं. चौथी महिन्याभरानं, कारण पाय बारीक होतो, सुजतो, बदलतो. प्लास्टरच्या खोलीत भाऊ जमिनीवर मांडी घालून बसायचे, समोरचा माणूस खुर्चीवर. कोण कुठून आलंय, काय काम करतं, जिने किती चढावे लागतात, उभं किती राहावं लागतं, सगळं विचारायचे. एकदा मी म्हटलं, "भाऊ, एवढी चौकशी तर जावई शोधतानाही करत नाहीत." ते म्हणाले, "जावई बदलता येत नाही म्हणून लोक गप्प बसतात. पाय बदलता येतो."

आम्ही अकरा जण होतो आणि काम कमी होत चाललं होतं. सरकारी दवाखान्यांनी पायांसाठीचा निधी दोन वर्षं रोखून धरला होता. मालक माणूस वाईट नव्हते. आमच्याच डब्यातला घास घ्यायचे, कुणाचं दुखलंखुपलं तर स्वतः गाडीत घालून न्यायचे. पण गेले तीन महिने कारखाना बंद करावा लागेल असं बोलत होते, आणि रोज सकाळी आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत आत शिरत होतो.

मग निवडणूक झाली, नवं सरकार आलं, आणि त्यांनी कुबडीमुक्ती योजना जाहीर केली. वर्षभरात एकाही माणसाच्या काखेत कुबडी दिसणार नाही, असं सांगितलं. पाय फुकट मिळणार होते. बातम्या ऐकताना भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी पाहिलंय. निधी नाही म्हणून किती जणांना ते परत पाठवायचे, त्या सगळ्यांना आता पाय मिळणार म्हणून.

ठेका आम्हाला मिळाला. मग नियमांचा कागद आला. किती पाय वाटले, ते सरकार मोजणार होतं. पाय बसला की नाही, हे मोजायला कागदावर जागाच नव्हती. वर्षाचा आकडा एवढा होता की माप घेऊन, साचा करून तो गाठायचा म्हटलं तर आमची नातवंडं कामाला लावावी लागली असती. म्हणून तीन आकार ठरले: लहान, मध्यम, मोठा. डावा आणि उजवा. चपलांसारखे.

भाऊ तो कागद घेऊन मालकांच्या खोलीत गेले. दार उघडं होतं, आम्ही सगळे कान देऊन होतो.

"ह्यात फेऱ्या कुठं आहेत?"

"भाऊ, फेऱ्यांचा रकाना सरकारी फॉर्ममध्येच नाही. मी कुठून आणू?"

"मग नको घेऊया हे काम."

"नको घेऊया," मालक म्हणाले. "उद्या कुलूप लावू. पलीकडची कंपनी घेईल. त्यांच्याकडे तर तुमच्यासारखा एकही माणूस नाही. तुम्ही असाल तर निदान थोडं तरी नीट होईल. सांगा, काय करू?"

भाऊ बाहेर आले तेव्हा त्यांनी आमच्याकडे बघितलं. सगळ्यांनी माना खाली घालून हातातलं काम धरलं. माझ्या घरी सुनेला दिवस गेले होते आणि मुलाचं काम सुटलं होतं. मी हातातल्या पट्ट्याला नुसतीच सुई टोचत राहिले. "लावा कुलूप" असं मनात आलं असतं तरी तोंडातून निघालं नसतं. आणि खरं सांगायचं तर मनातही आलं नव्हतं.

योजनेत एक अट मात्र होती. प्रत्येक पायाच्या कागदावर परवानाधारक कारागिराची सही हवी. वर छापलेलं असायचं, 'पाय बसवून पाहिला, समाधानकारक आहे.' आमच्याकडे परवाना एकट्या भाऊंकडे होता.

पहिला आठवडा ते स्वतः पाय वाटायच्या शिबिराला गेले. जिथं बसत नव्हतं तिथं "थांबा, ह्यांना वेगळा करून देऊ" म्हणत लोकांना बाजूला बसवलं. संध्याकाळी बाजूला बसलेल्यांची रांग पाय मिळालेल्यांपेक्षा मोठी झाली. वरून फोन आला. दुसऱ्या आठवड्यापासून भाऊंनी शिबिराला जायचं नाही, असं ठरलं. कागद कारखान्यात येतील, सही इथंच करायची.

काचेची केबिन आली, चाकांची खुर्ची आली. अकराचे आम्ही दोनशेवर गेलो. माझ्या हाताखाली बारा बायका आल्या. सुनेलाही पॅकिंगला चिकटवून दिली. गळकं छत दुरुस्त झालं. प्लास्टरच्या खोलीत खोके रचले, आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. भाऊ केबिनमध्ये बसून सह्या करायचे, गठ्ठ्यानं. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, सुरुवातीला फार कौतुक. मग एकदा त्या मला हळूच म्हणाल्या, "पूर्वी घरी आले की दहा मिनिटं कोपरापर्यंत हात धुवायचे. आता धूतच नाहीत. म्हणतात, हाताला काही लागलेलंच नाही."

मोठ्या मैदानावर एक कार्यक्रम झाला. मंत्री आले होते. आम्हाला मंचावर मागच्या रांगेत बसवलं होतं. पाय घेतलेल्या माणसानं आपल्या कुबड्या मंचासमोर टाकायच्या, अशी कल्पना कुणीतरी काढली होती. ढीग झाला. फोटो निघाले. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. कार्यक्रम आटपल्यावर दोन माणसं त्या कुबड्या ट्रकमध्ये भरायला लागली.

"कुठं नेताय ह्या?" भाऊंनी विचारलं.

"भंगारात. आता कुणाला लागतायत?"

भाऊ ट्रकपाशी जरा वेळ उभे राहिले. मग आमच्याबरोबर गाडीत येऊन बसले.  मंत्र्यांनी दिलेला फुलांचा गुच्छ मांडीवर होता, तो उतरताना गाडीतच राहिला.

तो सोमवार त्यानंतर पाच महिन्यांनी आला. सकाळचे अकरा वाजले असतील. मी एका बक्कलाबद्दल विचारायला केबिनकडे चालले होते आणि भाऊ पाणी प्यायला बाहेर आले होते. पुढच्या खोलीत दोन बायका उभ्या होत्या. एक चाळिशीची, खाणीत खडी फोडणारी. तिथल्याच दगडाखाली तिचा पाय गेला होता. तिनं काखेत झाडूचा दांडा धरला होता, वरच्या टोकाला चिंध्या गुंडाळलेल्या. दुसरी तिची नणंद. नणंदेच्या हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

खाणीतल्या बाईनं भाऊंना बघून मान लववली. "साहेब, हा पाय परत घ्या. धुऊन पुसून आणलाय. माझ्याकडून काही तो नीट वापरला गेला नाही."

"म्हणजे?" भाऊ म्हणाले.

"शिबिरात सांगितलं होतं, पहिल्यांदा दुखेल, सहन करा. मी केलं. जखम झाली तरी वाटलं, आपल्यालाच सवय नाही. लोक चालतायत, आपल्यालाच का जमत नाही? कुबड्या तर त्या मैदानावर टाकून आले होते. मग ते चिघळलं." तिनं लुगडं जरा बाजूला केलं. गुडघा नव्हता. "डॉक्टर म्हणाले, गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. काढला. आता हा मला होणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी द्या, नव्यासारखाच आहे."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. आरडाओरडा केला असता, पाय आमच्या अंगावर फेकला असता, तर आम्हालाही काहीतरी बोलता आलं असतं. ती ओशाळली होती. मागून आणलेलं भांडं फुटलं की शेजारीण दारात उभी राहते, तशी उभी होती.

नणंद जरा धीट होती. तिनं कमरेची पिशवी उघडून कागद काढला. "ह्याच्यावर सही आहे. हे सही करणारे साहेब कोण? आम्हाला भेटायचंय त्यांना. भांडायला नाही. त्यांनी पाय बसवून पाहिला, असं इथं लिहिलंय ना? मग आमच्या वहिनीचं कुठं चुकलं, तेवढं विचारायचंय."

भाऊंनी कागदाकडे बघितलं. स्वतःची सही. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांची नजर कागदावरून त्या बाईच्या पायावर गेली, म्हणजे जिथं पाय असायला हवा होता तिथं, आणि तिथंच थांबली.

"ते... ते आज आले नाहीत," ते म्हणाले.

नणंद माझ्याकडे वळली. "कधी येतील, ताई?"

"उद्या," मी म्हटलं. किती चटकन म्हटलं! जीभ जराही अडखळली नाही.

"उद्या नाही जमायचं," खाणीतली बाई म्हणाली. "दोन बस बदलून यावं लागतं. राहू दे. त्यांना आमचा नमस्कार सांगा."

चादरीतला पाय बाकावर ठेवून त्या गेल्या. दांड्याचा टक टक आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता. भाऊंनी चादर सोडली, पेल्यात अंगठा घालून आतून फिरवला आणि एका जागी थांबले. तिथं घासून घासून चकाकी आली होती. "इथं हाडाचं टोक," ते म्हणाले. "आठ मिलिमीटर. कमीत कमी आठ." मग प्लास्टरच्या खोलीत जाऊन एका खोक्यावर बसले. चादर परत द्यायची राहिली, हे मला तेव्हा दिसलं. धावत गेले असते तर त्या बसथांब्यावर सापडल्या असत्या. मी गेले नाही.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी भाऊंनी राजीनामा दिला. नाही दिला. दुसऱ्या दिवशी ते आले, केबिनमध्ये बसले, सह्या केल्या. पुढचे चार महिने केल्या. आमचं बोलणं मात्र कमी झालं. एकमेकांना टाळायचो. ज्यानं आपल्याला तसल्या वेळी पाहिलंय, त्याच्यासमोर चहा घशाखाली उतरत नाही.

मग सरकार पडलं. ज्यांनी योजना आणली ते विरोधात बसले, जे विरोधात होते ते खुर्चीत आले, आणि त्यांनी आल्या आल्या कुबडीमुक्तीची चौकशी लावली. मालकांनी आम्हा सगळ्यांना एकत्र केलं. चेहरा उतरला होता त्यांचा. "दोनशे घरांचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "सगळ्यांनी एकच सांगायचं. मापं घेतली होती."

चौकशी एका जुन्या कचेरीत होती. भिंतीला फायलींची कपाटं, मधे लांब टेबल. भाऊंना आणि मला एकदमच आत बोलावलं. अधिकारी तरुण होता, बोलायला नम्र.

"ह्या सगळ्या सह्या तुमच्या?"

"माझ्या."

"इतके पाय तुम्ही स्वतः बसवून पाहिलेत?"

भाऊंनी घसा साफ केला. "पहिल्या आठवड्यातले एकोणचाळीस पाहिले. बाकीचे पाहिलेसुद्धा नाहीत."

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. "तुम्ही काय बोलताय, ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळायला आजचा दिवस लागला नाही, साहेब. बोलायला लागला."

मग अधिकारी माझ्याकडे वळला. "तुम्हाला हे माहीत होतं?"

खरं बोलायची दोन वेळा संधी मिळते असं कुणाच्या बाबतीत होत नाही. माझ्या बाबतीत झालं. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "मी फक्त पट्टे शिवते."

अधिकाऱ्यानं मान डोलावली आणि तसंच लिहून घेतलं. भाऊंनी माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं, की नाही बघितलं तेच बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आठवड्याभरात शहरातल्या भिंतींवर फलक लागले. 'पाहिलेसुद्धा नाहीत!' एवढंच मोठ्या अक्षरांत, आणि खाली नव्या सत्ताधाऱ्यांचा फोटो. भाऊंचं वाक्य त्यांनी पोटनिवडणुकीत वापरलं आणि ते जिंकले. कंपनीला काळ्या यादीत टाकलं, कारखान्याला कुलूप लागलं. भाऊंचा परवाना तीन वर्षांसाठी काढून घेतला. योजना रद्द झाली. तिच्या जागी दुसरी कुठली येणार, हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. बंद फाटकाशी कितीतरी दिवस माणसं येऊन बसायची. कुणाचा पट्टा तुटलेला, कुणाचा पेला तडकलेला, कुणी पाय पिशवीत घालून आणलेला. पहारेकरी त्यांना हाकलायचा आणि मग स्वतःच एखाद्याला रस्ता ओलांडून द्यायचा.

माझ्या हाताखालच्या बायकांनी भाऊंना भर रस्त्यात गाठलं. एक म्हणाली, "तुम्ही मोकळे झालात, आमच्या चुली विझवल्यात." भाऊ ऐकून घेत उभे राहिले. मी पलीकडच्या दुकानात शिरले. मला काही घ्यायचं नव्हतं.

पुढे महिन्याभरानं भाऊ माझ्या दारात आले. हातात मोजपट्टी. "ताई, त्या बाईकडे जायचंय. गुडघ्यावरच्या पायाला कमरेचा पट्टा लागतो. याल का?" सून आतून म्हणाली, "आई, जाऊ नका, ह्या माणसानं आपलं वाटोळं केलं." तिचं काम गेलं होतं, तान्हं पोर कडेवर होतं, ती बोलणारच. मी चपला घातल्या.

खाणीमागच्या वस्तीत तिची एकच खोली होती. सगळ्यावर दगडाची पांढरी धूळ, भांड्यांवरसुद्धा. ती पलंगावर बसून भाजी निवडत होती. भाऊ दाराशीच थांबले आणि एका दमात म्हणाले, "त्या कागदावरची सही माझी होती. त्या दिवशी आलो होतो मी. तुमच्यासमोरच उभा होतो. तुमचं काही चुकलेलं नव्हतं."

ती भाजी निवडत राहिली. "माहीत होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"खोटं बोलणारे आमच्या तोंडाकडे बघून बोलतात, आम्हाला सवयच आहे त्याची. तुम्ही पायाकडे बघून बोललात. मी नणंदेला वाटेत म्हटलं, तेच असणार ते. ती परत फिरायला निघाली होती. मी म्हटलं, जाऊ दे, त्या माणसाला किती कानकोंडं होईल."

भाऊ मांडी घालून जमिनीवर बसले. मी दारातच राहिले. आम्ही तिला खोटं बोलून घालवलं होतं आणि आम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ती दोन बसचा प्रवास तशीच करून गेली होती. तिनं आम्हाला माफ केलं, असं मी म्हणणार नाही. तसं ती काही बोलली नाही. "बघा काय होतंय ते" म्हणाली आणि भाजीची परात बाजूला ठेवली.

सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी मागची शेड वापरायला दिली. सही त्यांची, काम भाऊंचं. गुडघ्याचा सांधा एका वारलेल्या म्हाताऱ्याच्या पायातून मिळाला, त्याच्या लेकीनं आणून दिला. पाच फेऱ्या झाल्या, आणि पाचही वेळा आम्हीच दोन बस बदलून तिच्याकडे गेलो. ती आता काठी घेऊन कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे जाते, तिथं वजन करायला बसते. खाणीत परत गेली नाही. संध्याकाळी कंबर दुखते म्हणते. गुडघ्याखालचा पाय राहिला असता तर काठीही लागली नसती, हे भाऊ दर वेळी मला परतीच्या बसमध्ये सांगतात, मी विचारलेलं नसताना.

शेडमध्ये आता ते योजनेतले जुने पाय दुरुस्त करतात. एकेक पेला कापून, भरून, घासून. हजारांतले फार तर आठवड्याला दोन. कसलीही सही करत नाहीत. परवा घरी कुरिअरवाला आला तर सहीसाठी वहिनींना हाक मारली.

मी आठवड्यातून दोन दिवस जाते, पट्टे शिवायला. खाणीतली बाई मधूनमधून बक्कल घट्ट करून घ्यायला येते आणि माझ्याच शेजारी बसते. भंगारात काय काय आलं, कोण वजनाला भांडलं, ते सांगते. मला ताई म्हणते. भाऊंनी त्यांच्या वाटचं तिला सांगून टाकलं. त्या सोमवारी मी काय बोलले आणि चौकशीत काय बोलले, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. पहिलं तिच्या लक्षात असेलच. दुसरं तिला माहीत नाही. ती बोलत असते आणि मी मान खाली घालून टाके घालत असते. तिला वाटतं, कामात गुंतलेय.